गेटजवळचा भेक: ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला मोठा पाऊस झाला की घोडबंदरपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच फोटो फिरायला लागतो. पार्किंगमध्ये ट्यूबलाइटखाली अंग फुगवून बसलेला, खडबडीत, तपकिरी प्राणी. खाली प्रश्नांची रांग: विषारी आहे का, कुठून आला, वॉचमनला सांगून बाहेर टाकायचा का, मीठ टाकू का. दरवर्षी प्रश्न तेच आणि उत्तरं मात्र दर वेळी नवी आणि बहुतेक चुकीची. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलेली ही उत्तरं.

हा नेमका कोण?

आपल्याकडचा साधा भेक, म्हणजे टोड. शास्त्रीय नाव डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. श्नायडर या जर्मन अभ्यासकाने १७९९ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुढची दोनशे वर्षं तो 'ब्यूफो' या भल्यामोठ्या प्रजातीत होता. २००६ मध्ये त्याला आणि त्याच्या भाऊबंदांना वेगळं काढलं आणि नव्या प्रजातीला सुशील कुमार दत्ता या भारतीय उभयचरतज्ज्ञांचं नाव दिलं. पाकिस्तानापासून इंडोनेशियापर्यंत हा सापडतो. त्यामुळे तुमच्या पार्किंगमध्ये तो दिसला तर त्यात नवल काही नाही. न दिसला तर मात्र विचार करायला हवा.

बेडूक आणि भेक यांतला फरक कसा ओळखायचा?

भेक हाही बेडकांच्याच गटातला, पण अंगकाठी निराळी. कातडी कोरडी आणि फोडाफोडांची, त्या फोडांची टोकं बहुधा काळी. मागचे पाय आखूड, त्यामुळे लांब उडी नाही. लहान लहान उड्या मारत, मधेच चक्क चालत जातो. खात्रीची खूण डोक्यावर असते. डोळ्यांभोवती आणि नाकपुडीपर्यंत काळ्या रेघेसारखी उंच कडा दिसते, आणि डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक लांबट फुगवटा. त्या विषग्रंथी.

हे बघायला मोबाइलचा टॉर्च पुरतो, फक्त उजेड थेट डोळ्यांत मारू नका. बाजूने उजेड पडला की बाहुली आडवी आहे आणि भोवती सोनेरी नक्षी आहे हे दिसतं. एवढा ओबडधोबड प्राणी आणि डोळे इतके देखणे. एकदा बघितलेत की 'ई' म्हणायची सवय आपोआप जाईल, निदान माझा तसा अनुभव आहे.

बाथरूमच्या टाइल्सवर चिकटून बसतो तो हा नव्हे. बोटांच्या टोकांना चकत्या असलेला तो झाडबेडूक. शोभेच्या तळ्यात पाण्यावरून टपटप उड्या मारत पळतो तोही हा नव्हे.

विषारी आहे का?

आहे, पण तुम्ही त्याला तोंडात घातलंत तर. तो चावत नाही, त्याला दातच नसतात. विष फेकतो, नजर लावतो वगैरे सगळ्या बाता. डोळ्यांमागच्या ग्रंथी आणि कातडीवरचे फोड यांतून त्रास झाल्यावर पांढरट, चिकट स्राव येतो. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. म्हणून भेक शिजवून खाणं जिवावर बेतू शकतं. आशियात काही ठिकाणी भेक खाल्ल्यामुळे माणसं दगावली आहेत. हाताला स्राव लागला तर साबणाने हात धुवा, तोवर डोळे चोळू नका. संपला विषय.

कुत्र्याने तोंडात धरला, आता?

हा प्रश्न खरा आणि घाईचा, म्हणून उत्तरही सरळ. कुत्र्याच्या तोंडातून लाळ-फेस येतो, तो पंजाने तोंड खाजवतो. त्याचं तोंड खाली झुकवून बाजूने पाण्याची हलकी धार सोडा, पाणी बाहेर पडलं पाहिजे, घशात जाता कामा नये. ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा. आपल्याकडच्या भेकांमुळे बहुतेक कुत्रे लाळ गाळून सुटतात, पण उलट्या, झोकांड्या किंवा झटके दिसले तर थांबू नका, तडक पशुवैद्यांकडे. लिंबू, हळद, दूध यांत वेळ घालवू नका. आणि पावसाळ्यात रात्री कुत्र्याला फिरवताना पट्टा आखूड धरा.

हात लावला की चामखीळ येते ना?

नाही. चामखीळ माणसांमधल्या एका विषाणूमुळे येते, भेकामुळे नाही. उचलल्यावर तो हातावर पाणी सोडतो, त्याने आंधळेपण येत नाही. ते त्याचं साठवलेलं पाणी असतं, जीव वाचवायला टाकलेलं. भेक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या बाजूची आणि मांड्यांची पातळ कातडी ओल्या जमिनीला टेकवून तो पाणी शोषतो. कुंडीखालच्या ओल्या मातीत तो पाय पसरून बसलेला दिसतो तेव्हा पाणीच पीत असतो. मे महिन्यात उगाच उचललेला भेक म्हणजे ते सगळं पाणी गमावलेला भेक.

आठ महिने दिसत नाहीत, मग जूनमध्ये एकदम येतात कुठून?

कुठूनही येत नाहीत, तिथेच असतात. कुंपणाच्या दगडाखाली, पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात, गटाराच्या झाकणाखाली, बागेतल्या पालापाचोळ्यात, कुंड्यांच्या मागे. जिथे ओल टिकते तिथे उन्हाळा काढतात. मध्येच कधी माळ्याच्या खुरप्याला एखादा लागतो आणि मग माळी आणि भेक दोघेही दचकतात.

पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक आलं की पाऊस चांगला, असं आपल्याकडे धरतात. मृगाच्या सरी भेकाला लगेच कळतात हे तर खरंच आहे. जमीन भिजली, हवा दमट झाली की तो बाहेर पडतो. पंचांग मात्र त्याने पाहिलेलं नसतं. वळवाचा पाऊस मे महिन्यात जोराचा झाला तर तो तेव्हाही निघतो.

रात्रभर तो 'कुर्रर्र' आवाज कुणाचा? झोप लागत नाही.

नराचा. घसा फुगवून तो एकसुरी, लांबलचक, थरथरता आवाज काढतो आणि तास न् तास काढत राहतो. माद्या ओरडत नाहीत. तुम्ही लहानपणी ऐकलेला 'डराव डराव' हा मोठ्या बेडकाचा, भेकाचा नव्हे.

नीट कान दिलात तर त्यात दुसराही एक आवाज सापडेल: आखूड, चिडका, 'चिक-चिक' असा. घाईत असलेला नर समोर जे हलेल त्याला मिठी मारतो. कधी ती मादी असते, कधी दुसरा नर, कधी नुसता भिजलेला चेंडू. दुसरा नर सापडला तर तो अंग थरथरवत हा आवाज करतो आणि पहिला त्याला सोडून देतो. मादी असली तर गप्प राहते, आणि मग तो काखेखाली पकडून तिच्या पाठीवर घट्ट बसतो. वीण चालू असताना नराच्या पुढच्या पायांच्या बोटांवर काळसर, खरखरीत गाद्या येतात. ओली, बुळबुळीत पकड सुटू नये म्हणून ही सोय. मादी नरापेक्षा ठळकपणे मोठी असते, त्यामुळे 'पिल्लाला पाठीवर घेऊन चाललेली आई' असे जे फोटो दरवर्षी येतात ते सगळे या जोड्यांचे असतात.

आवाजाचं म्हणाल तर जोरदार वीण काही रात्रींपुरती असते. पुढेही अधूनमधून ऐकू येईल, पण तो दणका राहत नाही. तेवढ्या रात्री खिडकी लावून घ्या. गणपती आणि लग्नसराईत आपण जो आवाज करतो, त्याबद्दल भेकांनी अजून तक्रार केलेली नाही.

पिवळाधमक दिसला. आजारी आहे का?

नाही, नवरदेव आहे. विणीच्या रात्री नर तपकिरीचे पिवळे होतात. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की हा बदल अ‍ॅड्रेनलिनच्या जातीच्या संप्रेरकांमुळे होतो आणि त्याला काही मिनिटं पुरतात. एका डबक्यात गर्दीने जमलेल्या नरांना समोरचाही नरच आहे हे चटकन कळावं, चुकीच्या मिठ्या कमी व्हाव्यात, असा त्याचा उपयोग मानतात. विणीचा भर ओसरला की रंग पुन्हा तपकिरी. मोबाइलवर येणारे लिंबासारखे पिवळे आणि घशाला निळे फुगे असलेले व्हिडिओ मात्र मोठ्या बेडकाचे असतात.

डबक्यात काळ्या मण्यांची दोरी दिसतेय. काय आहे?

भेकाची अंडी. सब्जा भिजवून दोऱ्यात ओवावा तशी दिसतात: पारदर्शक, बुळबुळीत नळी आणि आत काळे ठिपके. मादी चालता चालता अंडी सोडते, पाठीवरचा नर ती बाहेरच फलित करतो, आणि त्या दोऱ्या गवताच्या काड्यांभोवती गुंडाळल्या जातात. एका मादीची अंडी हजारोंनी असतात. बेडकांची अंडी बहुतेक फेसाच्या किंवा गोळ्याच्या रूपात असतात. अशी दोरी दिसली की भेकच समजा.

दोनेक दिवसांत त्यातून काळेकुट्ट बेडूकमासे निघतात. ते थवा करून राहतात. उन्हं आली की उथळ काठाशी गर्दी, सावली पडली की सगळे मिळून दुसरीकडे. या थव्याबद्दल धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात एस. के. सैदापूर आणि सहकाऱ्यांनी सुंदर काम केलं आहे. याच भेकाच्या बेडूकमाशांना एका बाजूला सख्खी भावंडं आणि दुसऱ्या बाजूला परकी असा पर्याय दिला, तर ते भावंडांच्या बाजूला जास्त वेळ काढतात. म्हणजे तुमच्या मागच्या डबक्यातली ती काळी गर्दी ही नुसती गर्दी नसून बऱ्यापैकी भावकी असू शकते.

ते शेवाळ आणि कुजका पाला खरवडून खातात. साधारण महिन्याभरात मागचे पाय येतात, मग पुढचे एकदम बाहेर पडतात, शेपूट आटत जाते. या शेवटच्या दिवसांत तोंडाची सगळी रचना बदलत असल्यामुळे त्यांना खाता येत नाही, शेपटीत साठवलेल्यावरच दिवस निघतात. आणि मग एखाद्या ओल्या संध्याकाळी जेमतेम सेंटिमीटरभराचे शेकडो भेक गवतातून बाहेर पडतात. 'आकाशातून बेडूक पडले' ही बातमी त्या संध्याकाळची. गवत कापायचं मशीन तेवढे दोन-तीन दिवस बंद ठेवा, एवढीच विनंती.

साचलेलं पाणी ठेवलं तर डेंग्यू होईल ना? कमिटी डबकं बुजवायचं म्हणतेय.

ही भीती योग्य आहे, फक्त ती चुकीच्या पाण्याकडे वळते. डेंग्यूचा एडिस डास मुख्यतः भांड्यांतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: कुंडीखालची ताटली, फ्रिजचा ट्रे, टाकीचं उघडं झाकण, गच्चीवरचं टायर, ताडपत्रीची घडी. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. तो काटेकोर पाळा. भेक कुंडीच्या ताटलीत अंडी घालत नाही. त्याला जमिनीवरचं, उतरत्या काठाचं, महिनाभर टिकणारं पाणी लागतं.

म्हणून कमिटीला सांगायचं ते असं: गच्ची आणि बाल्कन्या आधी तपासा, मग मागच्या बाजूच्या डबक्याकडे या. डबक्यात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या तर पालिकेच्या कीटकनाशक विभागाला दाखवा, त्यांचं म्हणणं शेवटचं. मात्र बेडूकमासे दिसत असतील आणि अळ्या नसतील तर महिनाभर वाट पाहायला हरकत नसते. डबकं खेळायच्या जागेतच आलं असेल आणि काढावंच लागणार असेल, तर बादलीने बेडूकमासे त्याच आवारातल्या दुसऱ्या डबक्यात हलवा. लांबच्या तळ्यात नेऊ नका, एका पाण्यातले रोग दुसऱ्या पाण्यात जातात.

तो डास खाऊन आपल्यावर उपकार करतो, खरं ना?

थोडंफार. भेकाच्या बाजूने बोलणारे हे फार ताणून सांगतात. त्याच्या आहाराचा मोठा भाग म्हणजे मुंग्या, वाळवी आणि भुंगे. त्याखेरीज गोम, गांडूळ, झुरळ, जे हललं आणि तोंडात मावलं ते सगळं. डास मिळाला तर सोडणार नाही, पण डासांसाठी भेक पाळायचे म्हणाल तर निराशा होईल.

त्याला जेवताना मात्र जरूर बघा. पावसानंतर पंखांची वाळवी दिव्याखाली पडते त्या रात्री. भेक दिव्याच्या उजेडाच्या कडेला बसतो. वाळवी हलली की आधी मान, मग सगळं अंग तिकडे वळतं. पुढे झुकतो. जीभ बाहेर येऊन गेलेली आपल्याला दिसतही नाही, वाळवी नाहीशी झालेली दिसते. आणि मग दोन्ही डोळे मिटून आत दबतात. ते समाधानाने नव्हे. डोळ्यांचे गोळे टाळ्यातून खाली दाबले जातात आणि घास घशाकडे ढकलायला मदत करतात. न हलणाऱ्या किड्याकडे तो ढुंकूनही बघत नाही.

भेक आले की साप येतात का?

काही साप भेक खातात, हे लपवण्यात अर्थ नाही. पाण्याजवळचा दिवड, हिरवा गवत्या, कधी धामण आणि नागही. पैकी दिवड, गवत्या आणि धामण यांच्यापासून माणसाला धोका नाही. पण तुमच्या सोसायटीत नाग येत असेल तर आधी कचऱ्याच्या खोलीतले उंदीर मोजा.

भेकाचं विष आपल्याकडच्या या सापांना पचतं, कारण दोघांनी लाखो वर्षं एकत्र काढली आहेत. तसं नसतं तेव्हा काय होतं ते मादागास्करमध्ये दिसतंय. हाच भेक तिथल्या तोआमासिना बंदराच्या परिसरात पोहोचला, बहुधा जहाजावरच्या मालातून. २०१४ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. तिथल्या प्राण्यांना या विषाची ओळख नाही, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत जवळजवळ सगळ्या शिकारी जातींच्या जनुकांत त्याला तोंड देण्याची ताकद सापडली नाही. इथे गेटजवळ गुपचूप बसणारा प्राणी तिथे संकट झाला आहे. दोष प्राण्याचा नव्हे, जागेचा.

मीठ, फिनाइल किंवा ब्लीचिंग टाकलं तर जातील का?

जातील, म्हणजे मरतील. त्यांची कातडी पाणी आत-बाहेर सोडते. त्यावर मीठ पडलं की अंगातलं पाणी निघून जातं आणि तडफडून मृत्यू येतो. फिनाइल आणि कीटकनाशकं त्याच वाटेने आत जातात. घरात आला असेल तर रिकामा डबा उपडा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि बाहेर झाडाखाली सोडा. दाराखाली फटीला पट्टी लावा, दारापुढचा दिवा रात्री बंद ठेवा. दिवा बंद तर किडे नाहीत, किडे नाहीत तर भेक नाही.

पकडून येऊरला सोडून येऊ का?

नको. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बाहेरून प्राणी आणून सोडायची ती जागा नाही. शिवाय तुमच्या आवारातल्या भेकाला कुठला दगड ओला आणि कुठली फट सुरक्षित हे ठाऊक असतं, नव्या जागी तो आधी गाड्यांखाली किंवा पक्ष्यांच्या चोचीत जातो.

याहून लहान जातीचे भेक महाराष्ट्रात आहेत का?

आहेत, आणि ते बघायला ठाण्याहून लोक मुद्दाम जातात. सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या कातळसड्यांवर तीनेक सेंटिमीटरचा एक भेक राहतो, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो जगासमोर आणला, नाव झँथोफ्रायने टायगरिना. त्याचा भाऊ कोयनेचा, १९६३ मध्ये वर्णन झालेला. आपला गेटवरचा भेक हजारोंनी अंडी घालतो, तर आंबोलीचा एका वेळी थोडीच, तीही कातळातल्या बोटभर पाण्यात, पहिल्या सरींनंतरच्या मोजक्या दिवसांत. तो अतिसंकटग्रस्त आहे. शनिवार-रविवार धबधबा बघायला रात्री गाडी काढणार असाल तर घाटमाथ्यावर वेग कमी ठेवा. रस्त्यावर जे पानासारखं दिसतं ते दर वेळी पान नसतं.

तुमच्या आवारात दिसणारा सेंटिमीटरभराचा मात्र आंबोलीचा नव्हे, तो आपल्याच भेकाचं पोर.

सोसायटीने खरंच काय केलं तर फरक पडेल?

पेव्हर ब्लॉक थांबवा. बाकी सगळं त्यानंतर. गेल्या काही वर्षांत कुंपणापासून कुंपणापर्यंत ब्लॉक बसवायची चढाओढ लागली आहे. पाणी मुरत नाही, पार्किंग तुंबतं, आणि ओली माती म्हणून भेकाला उरते ती झाडाभोवतीची हातभर आळी. मागच्या भिंतीलगत दोन-तीन फुटांची पट्टी उघडी सोडा, पाला तिथेच कुजू द्या.

दुसरं, चेंबर आणि नाल्या. गुळगुळीत सिमेंटच्या उभ्या भिंतीवर भेकाला चढता येत नाही, पडला की तिथेच उपाशी मरतो. एक खडबडीत फळी तिरकी टाकून ठेवा किंवा गोणपाटाचा तुकडा आत सोडा, ते धरून वर येतात. खर्च शून्य. तलावांचंही हेच. काठाला उभी भिंत आणि वर रेलिंग आलं की तलाव फोटोत छान दिसतो, पण पिल्लांना पाण्याबाहेर पडायला वाट उरत नाही. सुशोभीकरणाचा आराखडा हरकतींसाठी खुला झाला तर एका बाजूला तरी मातीचा उतार मागा.

सातव्या मजल्यावर बाल्कनीत सापडला. चढला कसा?

भेक असेल तर चढला नाही, आलाय. नर्सरीतून आणलेल्या कुंडीच्या मातीतून किंवा शेणखताच्या गोणीतून. झाडबेडूक असेल तर पाइप धरून खरंच चढला असेल. बोटांना चकत्या आहेत का बघा. चकत्या नसतील तर डब्यात घ्या, लिफ्टने खाली न्या, आणि नवी कुंडी आणताना माती एकदा उकरून बघत जा.